शर्ट, आणि बाबांकडे एक काम

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "पिच्चर आपल्या बाजूचं हाय की त्यांच्या?" आणि आईनं फोन काढून घेतला. म्हणून लिहूनच कळवते.

दहा-बारा मिनिटांची फिल्म आहे, आपल्या सीमावादावर, बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं यावर. पण तीत बेळगावचं नाव कुठंच नाही. एक शिंप्याचं दुकान, एक कापड आणि त्यावर हक्क सांगणारी दोन गिऱ्हाइकं. एकाला कॉलर हवी, दुसऱ्याला बंद गळा. एक येऊन शिवून घेतो, दुसरा येऊन उसवायला लावतो. मध्येच एक वजनदार गृहस्थ टेप घेऊन येतात, निकाल वहीत लिहितात आणि जातात. हे सीमा आयोगाचे न्यायमूर्ती महाजन, हे तुम्ही लगेच ओळखाल. १९६७ चा अहवाल तुम्ही मला शाळेत असतानाच तोंडपाठ करायला लावला होतात! पुढं कागद कपाटात जातात, तो महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला २००४ चा दावा. आणि ज्या पोरासाठी शर्ट, तो बनियनवर स्टुलावर बसलेला. सगळे कापड मोजतात, त्याचं माप कुणी घेत नाही.

संवाद ठेवलेच नाहीत. आपल्याकडं तोंड उघडलं की माणसाची बाजू ठरते. कपड्यांतही भगवा नको, कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा नको, असं ठरवलंय.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या खर्ड्यात दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच होती. संकलन करणारी माझी मैत्रीण धारवाडची, घरी कन्नड बोलणारी. तीच म्हणाली, हे खोटं वाटतंय, दुकानाची किल्ली एकाकडेच आहे ना? म्हणून आता एक गिऱ्हाईक दुकानाचा मालक आहे. पाटी त्याची, पावती त्याच्या लिपीत. हे तुम्हाला पटेल. पण दुसरं गिऱ्हाईक मी बदललं, आणि ते तुम्हाला झोंबेल. तो अधूनमधून येतो, टेबलावर हात आपटतो, शर्टावर हक्क सांगतो, फोटो काढून घेतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसत नाही. बाबा, तुम्ही १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून फेरीत चालता, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फूल वाहता. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांची आठवण मुंबईला कधी होते, हे तुम्हीच तर जेवताना बोलता. मी तेच दाखवलंय, फक्त घराबाहेर.

आई, तुला काळजी की यावरून कुणी दगड मारेल. बघू. नावं नसल्यामुळं दगड मारणाऱ्याला आधी आपण त्यातलं कोण ते कबूल करावं लागेल.

आता काम. नट चांगला आहे, पण कात्री धरतो भाजी चिरल्यासारखी. हातांचे जवळचे शॉट तुमचे घ्यायचेत. विशेषतः उसवण्याचा. तुम्ही ब्लेडचं टोक टाक्याखाली घालून तीन-चार टाक्यांआड दोरा तोडता आणि मग एका झटक्यात ओढता, तसाच. तेच कापड उसवून-शिवून परत उसवायचं. पहिल्या वेळची भोकं पाणी मारून इस्त्री केली की मिटतात, पण त्याच ओळीत चौथ्यांदा सुई गेली की कापड उजेडात चाळणीसारखं दिसतं आणि पुढं टाकाच धरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मला ते खरंखुरं घडताना हवंय, म्हणून जाड पॉपलीन नको. शहापूरच्या दुकानातून साधं सुती पांढरं घेऊन ठेवा. मशीनला तेल घाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम येत नाही, बंदोबस्तात कॅमेरा घेऊन फिरायला नको. दिवाळीनंतर येऊ. आई, आम्ही पाचजण असू, स्वयंपाकाचा घोळ घालू नकोस. शेजारच्या आक्कांना तेवढं विचारून ठेव, त्यांचा नातू दोन दिवस बनियनवर बसेल का. शाळा बुडणार नाही, शनिवार-रविवारीच घेऊ. त्या कन्नडमधून नाही म्हणाल्या तर तू कन्नडमधूनच समजाव, तुझं चालतं त्यांच्यापुढं.

तुमची,
सुमी