बी विंगमागच्या बागेतील पिवळी माती: समितीस पाचवे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: शेजारच्या बांधकामावरून आणलेली दूषित माती सुरक्षितपणे हलवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

माझी आधीची चारही पत्रे कार्यालयाच्या आवक नोंदवहीत आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लेखी तक्रारीवर समितीने पुढच्याच बैठकीत निर्णय घेऊन 15 दिवसांत कळवायचा असतो. मला आजवर एकच उत्तर मिळाले, तेही लिफ्टमध्ये, तोंडी: "बघतो." मी कुणाच्या दारात जाऊन आवाज चढवलेला नाही. पण पाऊस तोंडावर आला आहे, आता थांबणे शक्य नाही.

बाग उपसमितीच्या सदस्यांनी "फुकट मिळतेय" म्हणून 4 डंपर माती उतरवून घेतली. प्रत्येकी 5 ब्रास धरले तर 20 ब्रास, म्हणजे सुमारे 57 घनमीटर आणि वजनाने 80 टनांच्या आसपास. ज्या प्लॉटवरून ती आली, तिथे पूर्वी क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता, हे इथल्या प्रत्येक जुन्या रहिवाशाला ठाऊक आहे. अशा कारखान्यात टाक्यांमधले क्रोमिक ॲसिड फरशीच्या सांध्यांतून आणि गटाराच्या जोडांतून वर्षानुवर्षे खाली झिरपते. तळघराच्या खोदाईत हीच माती बाहेर येते.

दुपारी बागेत जाऊन ढेकळांच्या वरच्या कडा पाहाव्यात. तिथे पिवळा, मिठासारखा फुलोरा दिसतो. माती वाळताना आतले पाणी वर ओढले जाते, त्यात विरघळलेले क्रोमेट (क्रोमियमचे विषारी, पिवळे क्षार) पृष्ठभागावर येऊन साठते. कुंपणाच्या विटांच्या खालच्या दोन थरांवरही तो आता चढला आहे. रंगावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. म्हणूनच मी पहिल्या पत्रापासून तपासणी मागते आहे.

त्यावर सचिवांनी "माती परीक्षण झालेले आहे" म्हणून जो अहवाल दाखवला, तो जमिनीच्या भारक्षमतेचा आहे. इमारतीचा पाया किती वजन पेलेल, एवढेच तो सांगतो. रसायनांबद्दल त्यात एक ओळ नाही. बाग उपसमितीने नंतर आणलेला अहवाल खतांचा: नत्र, स्फुरद, पालाश, सामू. त्यातही क्रोमियम नाही.

आपल्याला हव्या आहेत त्या दोन चाचण्या: मातीतले एकूण क्रोमियम व क्रोमियम-6 (त्याचे विषारी, पाण्यात सहज विरघळणारे रूप), आणि टीसीएलपी ही निक्षालन चाचणी, म्हणजे मातीतून किती विष पाण्यात उतरेल याची. टीसीएलपीत 100 ग्रॅम माती 2 लिटर सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणात सुमारे 18 तास फिरवतात आणि किती धातू सुटून येतो ते मोजतात. क्रोमियम लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त निघाले, तर 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ती माती घातक कचरा ठरते. पण 5 च्या खाली आले म्हणजे बागेत चालेल, असा अर्थ कृपया काढू नये. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि आपली जमिनीखालची पाण्याची टाकी या ढिगापासून हाकेच्या अंतरावर आहे.

नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावेत, निदान सहा जागांवरून, पृष्ठभागावर आणि अर्धा मीटर खाली, प्रत्येकाची वेगळी बाटली. सगळे एकत्र कालवून एकच नमुना दिला, तर पिवळ्या जागेचा आकडा चांगल्या मातीत बुडून जातो. त्याच वेळी बोअरवेल आणि टाकीच्या पाण्याचाही नमुना जावा.

मागच्या महिन्यात उपाय म्हणून चुना आणि ब्लीचिंग पावडर मारली, ती मोठी चूक झाली. क्रोमियम-6 चुन्याने बसत नाही. माती अल्कधर्मी झाली की ते मातीच्या कणांना आणखी कमी चिकटते आणि पाण्याबरोबर सहज निघून जाते. ब्लीचिंग पावडर तर ऑक्सिडीकारक. जे क्रोमियम-3 निरुपद्रवी पडून होते, त्यातलेही काही तिने क्रोमियम-6 होऊ शकते. योग्य प्रक्रिया उलटी असते: आधी हिराकस (फेरस सल्फेट) घालून क्रोमियम-6 चे 3 करायचे, मगच चुना. एक किलो क्रोमियम-6 ला हिशेबाने 16 किलो हिराकस लागतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. हे काम घातक कचरा प्रक्रिया केंद्राचे आहे, माळीकाकांचे नव्हे. त्यांनी ही माती उघड्या हातांनी कालवली आहे. क्रोमियमने त्वचेला खोल, लवकर न भरणारे व्रण होतात. त्यांच्या हातांची तपासणी सोसायटीच्या खर्चाने आजच व्हावी.

अहवाल येईपर्यंत ढीग जाड एचडीपीई ताडपत्रीने झाकावा, कडेने वाळूच्या गोण्यांचा बांध घालावा, मुलांना तिथे जाऊ देऊ नये. झाडलोट कोरडी करू नये, धूळ उडते. पाइपनेही धुऊ नये, ते पाणी पावसाळी गटारात जाते. वरून लाल माती टाकून "सपाट करून घेऊ" हा प्रस्ताव कृपया रद्द करावा. त्याने 80 टनांचे 120 टन होतील, विष तेवढेच राहील.

माती घातक ठरल्यास ती बंद, गळती नसलेल्या वाहनातून, फॉर्म 10 च्या वाहतूक दस्तऐवजासह तळोज्याच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात जावी. पोहोच मिळाल्याची प्रत हातात आल्याशिवाय काम संपले असे धरू नये. रात्रीत डंपर भरून खाडीकाठी रिकामा करणे हा उपाय नाही, आणि तसा विचार बैठकीत बोलला गेल्याचे माझ्या कानावर आले आहे. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या उघड्या ढिगांनी भूजलाचे काय केले, ते समितीने माहिती करून घ्यावे.

खर्च सभासदांच्या देखभाल शुल्कातून होऊ नये. ही माती ज्यांच्या खोदाईतून निघाली त्या विकसकाची ती जबाबदारी आहे, आणि समितीला न विचारता ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांनीच त्याच्याकडे पाठपुरावा करावा. बी विंगमधल्या बहुतेक घरांचे हेच मत आहे. वेळ आल्यास सह्याही देतील.

सात दिवसांत नमुने घेतले गेले नाहीत, तर हेच पत्र छायाचित्रांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे प्रादेशिक कार्यालयात मी स्वतः देईन.

कळावे,
आपली,
एक सभासद, बी विंग

सोबत: पिवळ्या फुलोऱ्याची चार छायाचित्रे, आधीच्या चार पत्रांच्या पोहोच प्रती