दुसरा ट्रक घेण्याआधीचा हिशेब

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मुदत ठेवीचा विषय काढलात आणि ती मोडून दुसरा ट्रक घे, असे म्हणालात. मी तेव्हा माल उतरवण्याच्या रांगेत उभा होतो आणि मागून हाका चालल्या होत्या, त्यामुळे सविस्तर बोलता आले नाही. आता आठ दिवसांत ७० तासांची कामाची मर्यादा भरत आल्याने येथे सलग ३४ तास थांबलो आहे. एवढी विश्रांती झाली की तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा वेळ हाताशी आहे तेव्हा सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

माझे उत्तर आधीच सांगतो. ठेव मोडू नये. तुम्ही ज्या विश्वासाने ती रक्कम देऊ केलीत त्याचे मोल मला आहे, आणि म्हणूनच नुसते ‘नको’ म्हणून विषय संपवावा असे वाटत नाही.

अमेरिकेत माझ्यासारखे एकेकट्याने धंदा करणारे पुष्कळ आहेत. मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. पूर्वी असे नव्हते. १९३५ च्या कायद्यानुसार कोणी कोणत्या मार्गाने, कोणता माल, काय दराने न्यायचा यावर केंद्र सरकारच्या आयोगाचे नियंत्रण असे आणि नव्या माणसाला परवाना मिळणे फार कठीण असे. १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा ही बंधने बरीच सैल झाली. मी आज स्वतःच्या परवान्यावर ताज्या भाजीपाल्याखेरीज इतर मालही नेऊ शकतो तो त्या कायद्यामुळे. मात्र दार सर्वांनाच उघडे असल्याने भाव चढले की लोक धावून येतात. २०२० च्या उत्तरार्धात आणि २०२१ मध्ये भाडी खूप चढली, तेव्हा असंख्य चालकांनी नोकऱ्या सोडून महागात ट्रक घेतले. २०२२ मध्ये भाडी उतरू लागली, त्याच वर्षी जूनमध्ये डिझेल गॅलनला साडेपाच डॉलरच्या वर गेले, आणि ज्यांचा हप्ता चढत्या भाड्याच्या भरवशावर बांधलेला होता त्यांचे कंबरडे मोडले. तुम्ही म्हणता तसे, मंदीत ट्रक स्वस्त मिळतात हे खरे आहे. पण ते का स्वस्त मिळतात, हेही पाहिले पाहिजे.

खर्चाचा हिशेब येथे मैलावर मांडतात. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था दरवर्षी असा हिशेब प्रसिद्ध करते. २०२३ साली तो चालकाचा पगार धरून मैलाला सुमारे २.२७ डॉलर निघाला. माझा आकडा यापेक्षा थोडा वेगळा असला तरी रचना तीच आहे: ट्रकचा आणि ट्रेलरचा हप्ता, विमा, डिझेल, टायर, दुरुस्ती, टोल, कर, आणि शेवटी माझी स्वतःची मजुरी. कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरचा अपघात विमा लागतो, पण दहा लाखांच्या खाली असला तर बहुतेक ब्रोकर, म्हणजे मालधनी आणि वाहतूकदार यांच्यातले दलाल, माल देत नाहीत, शिवाय मालाचा एक लाखाचा विमा वेगळा मागतात. अवजड वाहनाचा वार्षिक कर ५५० डॉलर असतो. यातले बरेच खर्च ट्रक उभा असला तरी चालूच राहतात, त्यामुळे महिन्यात मैल कमी झाले की प्रत्येक मैलावरचा बोजा वाढतो.

आता भाड्याकडे पाहावे. समजा, एखाद्याने हजार मैलांचे २,४०० डॉलर देऊ केले. मैलाला २.४० पडले, म्हणजे वरवर पाहता बरे आहे. पण तो माल भरायला दीडशे मैल रिकामे जावे लागणार असेल तर प्रत्यक्षात १,१५० मैल गाडी चालते आणि मैलाला २.०९ पडतात. वरच्या खर्चाशी ताडून पाहिले तर हा माल नेणे म्हणजे पदरचे घालून दुसऱ्याचा माल वाहणे होय. फ्लोरिडाचे उदाहरण सगळ्या चालकांच्या तोंडी असते. तिथे माल जातो पुष्कळ, निघतो कमी. म्हणून तिथे जाण्याचे भाडे चांगले मिळते आणि परत निघताना, वसंतातला भाजीपाल्याचा हंगाम सोडला तर, हाती काही लागत नाही. त्यामुळे मी जाण्याचे भाडे एकट्याने कधी पाहत नाही. तिथून बाहेर पडण्याचे भाडे त्यात मिळवून मगच हो किंवा नाही ठरवतो. नाही म्हणता येणे, ही या धंद्यातली सर्वांत मोठी मिळकत आहे असे माझे ठाम मत झाले आहे. आणि ज्याच्या डोक्यावर दोन हप्ते आहेत त्याला नाही म्हणणे परवडत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर चालकाला अकरा तास गाडी चालवता येते, पण कामाला सुरुवात केल्यापासून चौदा तासांच्या आतच. डिसेंबर २०१७ पासून याची नोंद इंजिनाला जोडलेले यंत्र ठेवते, त्यामुळे वहीत फिरवाफिरव करण्याचा प्रश्नच उरला नाही. मला स्वतःला हे योग्य वाटते, कारण झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी छत्तीस टनांची गाडी रस्त्यावर आणू नये. अडचण वेगळी आहे. गोदामाच्या दाराशी चार-पाच तास ताटकळत ठेवले तरी ते चौदा तास सरतच असतात. सलग सात तास झोपण्याच्या केबिनमध्ये आणि उरलेले किमान तीन तास दुसऱ्या वेळी, अशी विश्रांती विभागता येते आणि त्या काळात घड्याळ थांबते, पण एवढा हिशोबशीर उशीर कोणतेही गोदाम करत नाही. साधारणपणे ताटकळण्याच्या पहिल्या दोन तासांचा मोबदला काहीच मिळत नाही. त्यानंतरचा मिळवण्यासाठी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घेऊन सही घ्यावी लागते, आणि तरीही पत्रव्यवहार करावा लागतो. एका मोठ्या गोदामात मला संध्याकाळपर्यंत थांबवले आणि बाहेर पडताना आवारात मुक्काम करायलाही मनाई केली. अशा वेळी उरलेल्या थोड्या मिनिटांत गाडी उभी करायला जागा शोधणे हा या कामातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. आता मी भाडे ठरवण्याआधी त्या गोदामाची ख्याती विचारतो आणि वाईट असेल तर तितके पैसे आधीच वाढवून मागतो.

तुम्ही विचारले होते की, भरलेला ट्रक घेऊन निघण्यापूर्वी मी नेमके काय करतो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासमध्ये लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) भरताना ट्रेलर आधीच ३४ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या एक अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करून न्यावा लागतो. भरताना मी टोकदार थर्मामीटर एकदोन गड्ड्यांच्या गाभ्यात खुपसून तापमान पाहतो आणि ते बिल्टीवर लिहितो. ट्रेलरमधली हवा थंड असून भाजी आतून कोमट असेल, तर पंधराशे मैलांवरचा खरेदीदार ती नाकारेल आणि भरपाई माझ्या नावावर पडेल. वाटेत झालेल्या नुकसानीची जबाबदारी मुळात वाहतूकदाराची धरली जाते. तिथून थेट वजनकाट्यावर. परवाच्या चिठ्ठीवर पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) ११,८४० पौंड, ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या जोडीवर ३४,७६० आणि ट्रेलरच्या जोडीवर ३१,९०० असे आकडे आले. एकूण वजन ८०,००० च्या आत होते, पण एका जोडीवर ३४,००० ची मर्यादा असल्याने ट्रकवर ७६० पौंड जास्त होते. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे, चाकांच्या चौकटीच्या खिळ्या बाहेर ओढायच्या आणि ट्रक हळूच मागे घ्यायचा; वरचा सांगाडा मागे सरकतो आणि चाके त्याच्या मानाने पुढे येतात. ही चौकट सांगाड्याच्या भोकांत खिळ्यांनी अडकवलेली असते; एकेका भोकाला साधारण २५० ते ४०० पौंड इकडचे तिकडे होतात. तीन भोके सरकवली, खिळ्या पक्क्या बसल्याचे वाकून डोळ्यांनी पाहिले, पुन्हा वजन केले, तेव्हा ट्रकवर ३३,८६० भरले. अर्धा तास गेला खरा, पण तपासणी नाक्यावरचा दंड आणि तिथे गाडी अडकून पडणे टळले.

डिझेलबाबतही असेच बारकाईने पाहावे लागते. डिझेलवरचा राज्याचा कर आम्ही जिथे भरतो तिथला नसून ज्या राज्यात जितके मैल चाललो त्या प्रमाणात लागतो, आणि दर तिमाहीला त्याचे विवरणपत्र भरून फरक मिटवावा लागतो. ही व्यवस्था ४८ राज्ये आणि कॅनडाचे १० प्रांत मिळून चालवतात. याचा अर्थ, पंपावरचा भाव वजा त्या राज्याचा कर, ही खरी किंमत. समजा एका ठिकाणी ४.१० डॉलर भाव आहे आणि त्यात सत्तर सेंट कर आहे, तर दुसरीकडे ३.९० भाव असून कर पाव डॉलरच आहे. तर स्वस्त दिसणारा दुसरा पंप प्रत्यक्षात गॅलनला पाव डॉलरने महाग पडतो. ट्रक गॅलनला साडेसहा मैलांच्या आसपास चालतो, तेव्हा वर्षाकाठी हा फरक लहान राहत नाही. ओरेगन राज्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे अवजड ट्रकांकडून डिझेलवर कर न घेता वजन आणि मैल यांवर घेतात.

पैसे हाती येण्याचे सांगायचे राहिले. माल पोचल्यावर तीस-चाळीस दिवसांनी पैसे मिळतात आणि डिझेल मात्र आज भरावे लागते. त्यामुळे बरेच जण आपले बिल एखाद्या वित्तसंस्थेला विकतात. ती दोन ते पाच टक्के कापून लगेच रक्कम देते. मी हे शक्य तितके टाळतो, कारण जिथे नफाच मैलाला थोड्या सेंटांचा आहे तिथे तीन टक्के फार मोठे होतात. ब्रोकरला सरकारकडे ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, परंतु तो बुडाला की त्या एका रकमेवर अनेकांचे दावे पडतात. मूळ मालधन्याने ब्रोकरला किती दिले हे पाहण्याचा हक्क नियमाने वाहतूकदाराला आहे. तरीही बहुतेक करारांत तो हक्क सोडल्याचे कलम घातलेले असते. मला ही पद्धत अन्यायाची वाटते आणि ते कलम खोडून पाठवण्याचा मी दर वेळी आग्रह धरतो. काही जण त्यावर माल देत नाहीत. ठीक आहे.

आता दुसऱ्या ट्रकविषयी. तो आला की मला दुसरा चालक ठेवावा लागेल, आणि मी चालक राहून शिवाय मालकही होईन. त्याच्या परवान्याची फाइल, नशेच्या चाचण्या, त्याच्या तासांच्या नोंदी, सगळ्यांस मी उत्तरदायी. त्याच्या गाडीत तपासणीत निघालेला दोष माझ्या परवान्याच्या नोंदीवर २४ महिने राहतो आणि विमा कंपनी तोच कागद उघडून बसते. माझ्या गाडीचे ब्रेक मी रोज सकाळी स्वतः तपासतो. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वारा सुटला की रिकामा ट्रेलर उलटतो, म्हणून मी अशा दिवशी सरळ थांबतो. कॅलिफोर्नियातल्या डॉनरच्या घाटात, सुमारे ७,२०० फुटांवर, हिमवर्षावात साखळ्या बांधायच्या की खालीच मुक्काम करायचा, हा निर्णय मी माझ्या जिवावर घेतो. दुसऱ्या कोणाला पगार देऊन हाच निर्णय त्याच्या जिवावर घ्यायचा, तर त्याला थांबता यावे एवढी ऐपत आधी माझ्याकडे हवी. हप्त्यापायी त्याला वाऱ्यात ढकलावे लागेल असा धंदा मला करायचा नाही.

माझा विचार असा आहे. या ट्रकचे हप्ते आधी संपू देत. एखादे इंजिन उघडावे लागले तर लागणारी रक्कम आणि तीन महिन्यांचा ठरावीक खर्च, एवढे बाजूला साठले पाहिजे. ब्रोकरशिवाय थेट माल देणारे एक-दोन शेतमाल पुरवठादार जोडायचे आहेत. त्यातल्या एकाशी बोलणे चालू आहे आणि त्याला हंगामभर एकच वाहतूकदार हवा आहे. विम्याचे नूतनीकरण स्वच्छ नोंदीवर झाले की हप्ता किती उतरतो तेही कळेल. हे सर्व जमले तर दुसरा ट्रक घेईन, आणि तोही येथल्या कमाईतून. तोपर्यंत तुमच्या ठेवीची मुदत संपली की ती पुन्हा तुमच्या आणि आईच्या नावाने ठेवावी, ही विनंती.

आईला सांगावे की रात्री दहानंतर मी शक्यतो गाडी चालवत नाही आणि जेवणाची आबाळ होत नाही. उद्या पहाटे निघून परवा शिकागोजवळ माल उतरवेन. तिथून परतीचे भाडे ठरले की फोन करतो. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा मुलगा