सुरुवात गंगाधरपंतांपासून कर

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘विज्ञानकथा म्हणजे उडत्या तबकड्या, या वयात त्या कुठे वाचायच्या?’ हे तुझ्या पत्रातले वाक्य वाचून आधी राग आला, मग वाटले की तुझ्या हाती आजवर भलतीच पुस्तके पडली असावीत. तू कादंबऱ्यांची नावे मागितली आहेस, तरी आधी एक कथाच सुचवतो: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत मुंबईत उतरतात ते एका वेगळ्याच मुंबईत. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांच्या कानाजवळून निसटली आहे. बदल एवढाच, पण त्यामुळे मराठे जिंकतात आणि इंग्रजांचे राज्य मुंबईपुरतेच उरते. हातमागाच्या कापडाच्या हॅण्डलूम हाऊसच्या जागी पंतांना विलायती दुकाने दिसतात. अशा वेळी तू किंवा मी पोलीस चौकी गाठली असती. हा गृहस्थ मात्र टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके मागवतो! मागच्या महिन्यात फोर्टात काम निघाले, तेव्हा मुद्दाम व्हीटीपासून टाउन हॉलपर्यंत चालत गेलो. त्या तीस पायऱ्या चढून धापा टाकत वर बसलो असताना समोरची प्रत्येक पाटी क्षणभर परकी वाटली. लेखकाने एकच गोष्ट बदलावी आणि पुढे ती नेईल तिकडे प्रामाणिकपणे जावे, एवढीच माझी विज्ञानकथेकडून अपेक्षा आहे.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवूनही घेतली. बक्षीस मिळाले ते जगतापांना, हे मला फार आवडते. त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी त्यानंतर घे. बाळ फोंडके आणि लक्ष्मण लोंढे यांच्या कथा मात्र सुट्या सुट्या वाच. सलग वाचल्या की एकमेकींत मिसळतात.

परदेशी लेखकांपैकी आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ सगळेच सुचवतील. तिची कल्पना भव्य आहे, पण तिच्यातली माणसे मला पुठ्ठ्याची वाटतात. तिच्याऐवजी आर्थर क्लार्कची ‘रॉन्देव्हू विथ रामा’ (१९७३) वाच. सूर्यमालेत पन्नास किलोमीटर लांबीचा एक पोकळ दंडगोल शिरतो. ग्रीक आणि रोमन देवांची नावे केव्हाच संपलेली असल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ आपल्या देवांकडे वळतात आणि त्याला ‘रामा’ म्हणतात. माणसे आत जातात, काळोखात शिडी उतरतात, गोठलेला समुद्र वितळताना पाहतात. आणि ते यान माणसांकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते. ते कोणी बांधले, हे क्लार्क शेवटपर्यंत सांगत नाही. तुला चिडचिड होईल. मलाही झाली होती, पण आठवडाभर डोक्यातून ते यान गेले नाही.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन याच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ची सुरुवात तर माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत, भर सभेत एका भौतिकशास्त्रज्ञाला त्याच्या मुलीदेखत मारून टाकण्याच्या प्रसंगाने होते. माणसांवरचा विश्वास उडालेली ती मुलगी पुढे आकाशाकडे काय पाठवते, ते तूच वाच.

‘रामा’ची माझी प्रत सोबत पाठवत आहे. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली आहे आणि तिची बांधणी सुटत आली आहे. तेव्हा उताणे पडून वाचू नकोस, पाने तोंडावर पडतात.

तुझाच,
जुना वाचनसोबती