सामान आडवं आलं पाहिजे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

एकांकिकेच्या नेपथ्याचं स्केच मिळालं. सोफा, डबल डोअर फ्रिज, शोकेस, ट्रेडमिल... राजारामपुरीतलं शोरूमच उचलून आणलंस की! पडदा उघडताच प्रेक्षकाला कळेल, या नवरा-बायकोला वस्तूंचा सोस आहे. मग पुढची चाळीस मिनिटं त्यानं काय बघायचं?

सामान नुसतं दिसून भागत नाही, ते आडवं आलं पाहिजे. आपल्या कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडद्यावरचा महाल कितीही भरगच्च असू दे, त्याच्या खांबाला कुणी नट धडकत नसे. तुझ्या नटांनी मात्र धडकायला हवं. पहिल्या प्रवेशात दोन खुर्च्या आणि एक टेबल, बास. पुढची प्रत्येक वस्तू भर उजेडात हमालांनी आणावी, ब्लॅकआऊट नको. आणि ठेवायची कुठं, तर ती दोघं उभी राहून बोलत होती तिथंच. शेवटी शेवटी तिला त्याच्याजवळ जायचं तर फ्रिजला वळसा घालून, सोफ्यामागून अंग चोरून जावं लागेल. कपाटं सहा इंची लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर चढव. माणसं आपोआप खुजी दिसतात.

सोफ्याचं प्लास्टिक काढू नकोस. आत्याकडचा सोफा आठव, बसलं तरी करकर, उठलं तरी करकर. भांडणाच्या ऐन वाक्याला ती धपकन बसली, की वाक्य त्या आवाजात बुडेल. लेखक कुरकुरेल, कुरकुरू दे. प्रकाशही तसाच: दोघांचे चेहरे अंधारात, दिवा शोकेसमधल्या कधीच न वापरलेल्या डिनर सेटवर.

८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्याची हळहळ आहेच. पण शाहू स्मारकचा रंगमंच लहान पडतो म्हणून रडू नकोस, या नाटकाला अडचणच हवी. खरी कपाटं मात्र नकोत. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून रंगवा, आणि विंगेतून वळतात का ते आधी माप घेऊन बघा. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना बसून बघ, फ्रिजमागं कोण झाकलं जातंय. झाकलं तर झाकू दे, फक्त चुकून नको.

आई म्हणते, ट्रेडमिलवर कपडे वाळत घाल. मला पटलं.

तुझे,
बाबा