निळ्या शीट अंथरणाऱ्या सिस्टरांना

सप्रेम नमस्कार सिस्टर,

पेढ्यांचा बॉक्स तुम्ही परत केलात. "काका, आम्हाला घेता येत नाही," एवढं म्हणालात आणि पुढच्या पेशंटकडे वळलात. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. घरी आल्यावर आमची सौ. म्हणाली, मग लिहून कळवा, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहा. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं आणि तुमच्या हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं मी तुम्हाला ओळखायला लागलोय.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांमध्ये असणाऱ्या एका ग्रंथीचा, कॅन्सर झाला. रेडिएशन झालं, हार्मोनची इंजेक्शनं झाली आणि आजार आटोक्यात आला. पीएसए या रक्ततपासणीचा आकडा खाली आला तो अजून खालीच आहे. ज्यांनी ते उपचार केले त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. मशीनवर निजण्याआधी पाणी किती प्यायचं, पोट कसं साफ हवं, हे तिथे रोज न चुकता सांगत. पण शेवटच्या दिवशी फाइल हातात दिली, ठरावीक महिन्यांनी पीएसए करत जा म्हणाले, आणि संपलं. पुढे काय काय होऊ शकतं याबद्दल अवाक्षर नाही.

आणि होण्यासारखं बरंच असतं. प्रोस्टेट असते मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढ्यात. किरण कितीही नेमके सोडले तरी गुदाशयाची पुढची भिंत आणि मूत्राशयाचा खालचा भाग थोडाफार त्यांच्या तडाख्यात सापडतोच. उपचार चालू असतानाची जळजळ काही आठवड्यांत जाते. त्रास नंतर सुरू होतो. त्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात आणि त्यांच्याऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारख्या नव्या, अतिशय नाजूक वाहिन्या वर उगवतात. शौचाला बसल्यावर थोडा जोर लागला तरी त्या फुटतात. काहींना हे काही महिन्यांतच होतं, काहींना २-३ वर्षांनी. मूत्राशयाचा त्रास तर कधी कधी १० वर्षांनंतरही डोकं वर काढतो. सगळ्यांना होतं असं नाही, आणि होतं त्यातल्या पुष्कळांना बेताचंच होतं. पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला निदान हे काय आहे ते कळायला हवं.

मला ते कोणी सांगितलं नाही. रक्त जायला लागलं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी फाइल न उघडताच मूळव्याधीचं औषध लिहून दिलं. दुसऱ्यांनी तेच औषध कंपनी बदलून दिलं. मी रेडिएशनचं सांगू लागलो तर म्हणाले, ते आता जुनं झालं. जिथे उपचार झाले होते तिथे फोन केला. पलीकडून विचारलं, "पीएसए किती?" मी सांगितला. "मग उत्तम आहे की!" आणि फोन ठेवला. त्यांच्या वहीत मी बरा झालो होतो. इकडे हिमोग्लोबिन उतरत होतं, जिना चढताना धाप लागत होती. एका ओपीडीत तर टेबलामागच्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डायपर घाला ना आजोबा, त्यात काय एवढं!" समोरच्या बाकावर माझे दोन जुने विद्यार्थी बसलेले होते, आपापल्या आईवडिलांना घेऊन आलेले. त्यांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी आणि सौ. एक शब्द बोललो नाही.

मी फलटणचा. माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते आणि पालखीतळावर वारकऱ्यांना पाणी वाटणं हे आमच्या घरचं वर्षानुवर्षांचं काम. मी ते सोडलं. लग्नकार्यांना जायचं सोडलं. स्वारगेटपर्यंतच्या प्रवासात गाडी कुठे थांबते, तिथलं स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूप लावलेलं, हे मला तोंडपाठ झालं. लघवीची घाई अशी की उठेपर्यंत उशीर झालेला असे. सौ. एकदा म्हणाली, "बायका जन्मभर असाच हिशेब करून घराबाहेर पडतात." मला फार लागलं ते. मी गडद रंगाच्या पँटच तेवढ्या घालू लागलो आणि कुणाच्याही घरी, कुठेही खुर्चीवर बसेनासा झालो.

तुमच्या विभागात आलो तेव्हाही मी भिंतीला टेकून उभाच होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या. सौ.ही माझ्यामुळे उभी होती. तुम्ही एकदा आमच्या जवळून गेलात, परत आलात तेव्हा एक नजर टाकलीत. का उभे आहात, बसा की, असं काहीसं विचाराल म्हणून मी मनात उत्तर तयार करत होतो. तुम्ही विचारलंच नाहीत. आत गेलात आणि पलंगावर घालतात त्या निळ्या शीट घेऊन आलात. एक नव्हे, दोन. शेजारच्या दोन खुर्च्यांवर त्या अंथरल्यात, कोपरे नीट केलेत आणि आधी सौ.ला म्हणालात, "काकू, तुम्ही इथे बसा." मग मला, "काका, तुम्ही इथे. वेळ लागेल अजून."

सिस्टर, ती दुसरी शीट मी विसरू शकत नाही. एकाच खुर्चीवर अंथरली असतीत तर त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं की ती कुणासाठी आणि कशासाठी. दोन्हींवर अंथरल्यामुळे ती फक्त बसायची जागा झाली. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवलं असेल असं मला वाटत नाही. उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघून त्याच्या मनातली भीती ओळखायची, तिच्याबद्दल त्याला एक शब्दही बोलायला लावायचं नाही आणि वर त्याच्या बायकोलाही त्यात सामावून घ्यायचं. कितीतरी महिन्यांनी मी घराबाहेर पाठ टेकून बसलो. रात्री घरी सौ. म्हणाली, "तिने माझ्या खुर्चीवरपण घातली हो," आणि रडायला लागली. आजाराचं कळलं तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांनी केलं आणि फार चांगलं केलं. दुर्बिणीतून बघून हे रक्त कशाचं ते आधी पक्कं केलं. मग आर्गॉनच्या झोतातून वीज नेऊन त्या नाजूक वाहिन्यांना डाग दिले. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. रॅले आणि रॅमसे यांनी १८९४ मध्ये शोधलेला हा वायू कशाशी संयोग पावत नाही, हे किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. तोच आता माझ्या पोटातलं रक्त थांबवणार, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्या टेबलावर मला फार बरं वाटलं.

पण जगायचं कसं हे सांगितलंत तुम्ही. लघवीची घाई होते म्हणून माणूस पाणी तोडतो, आणि लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं घ्यायचं. चहा कमी करायचा. पोट कडक होऊ द्यायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम तुम्ही शिकवलात. अमेरिकेतल्या डॉक्टर केगेल यांनी १९४८ मध्ये तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडला होता, हे मी नंतर वाचलं. पुरुषांनाही तो तितकाच लागू पडतो हे तुमच्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. हार्मोनच्या इंजेक्शनांनी अंगातून गरम वाफा येतात हे ऐकल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे आमचं पाळी जाताना होतं तेच की!" तुम्ही हो म्हणालात आणि आम्ही तिघंही हसलो.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला. लिहितो, कारण माझ्यासारखे अनेकजण हे कधीच कुणाला विचारणार नाहीत. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि म्हणालात, "लोक सांगत नाहीत म्हणून मीच विचारते. नवराबायको म्हणून तुमचं जे असतं, त्यात फरक पडलाय का?" मी खाली बघितलं. तुम्ही सांगितलंत की हेही रेडिएशनमुळे होतं, हळूहळू दोन-तीन वर्षांत होतं, हार्मोनच्या इंजेक्शनांनी त्यात भर पडते आणि यावर औषधं आहेत. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर मात्र ती चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणायची नाहीत. आमच्या वयाला हे विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. तुम्हाला वाटली. त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलू शकलो. त्याआधी दोघंही गप्प होतो, आणि समोरचा रागावलाय असं समजून चाललो होतो.

फाइलच्या पहिल्या पानावर तुम्ही मोठ्या अक्षरात लिहून दिलंत: ‘प्रोस्टेटचे रेडिएशन झालेले आहे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीची बायोप्सी टाळावी.’ बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी बारीक तुकडा काढणं, आणि तिथला रक्तपुरवठा इतका कमी झालेला असतो की ती जखम भरत नाही, चिघळून आरपार भोकही पडू शकतं. उद्या मी शुद्धीवर नसताना कुठल्या दवाखान्यात नेला गेलो तरी ते पान बोलेल. ज्यांनी हे पान पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं, त्यांच्याकडे इमारत मोठी आहे, यंत्रं नवी आहेत, आणि भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. एक छापील मराठी कागद पेशंटच्या हातात द्यायला किती खर्च येतो? तो दिला असता तर माझे मूळव्याधीच्या औषधातले ते महिने वाचले असते. माझ्याबरोबर त्याच मशीनवर झोपणारे आटपाडीचे, बार्शीचे, करमाळ्याचे लोक होते. त्यांचं काय झालं असेल, कुठल्या गोळ्या खात बसले असतील, हा विचार अजून रात्री येतो.

तुम्ही भेटल्यापासून मला चांगली माणसं दिसायला लागली आहेत, किंवा ती होतीच आणि मी मान वर करून बघत नव्हतो. नीरेच्या अलीकडे मी नुसता उठून उभा राहिलो तर कंडक्टरने काही न विचारता घंटी मारून गाडी थांबवली आणि कुरकुरणाऱ्यांना म्हणाला, "दोन मिनिटांनी काय होतंय?" पेट्रोलपंपावरच्या पोराने मालकाच्या कुलपाची किल्ली काढून दिली. हे कुणीच मला कशासाठी म्हणून विचारलं नाही. दुसऱ्याची लाज झाकायची हे ज्याला आपसूक कळतं, तो माणूस माझ्या लेखी कुठल्याही पदवीधरापेक्षा मोठा.

आता एक काम तुमच्याकडे. तुम्ही वेळोवेळी जे सांगितलंत ते मी एका पानावर सोप्या मराठीत उतरवून काढलं आहे: काय होऊ शकतं, कधी होऊ शकतं, डॉक्टरांना काय सांगायचं, काय मागायचं. पुढच्या तपासणीला ते घेऊन येतो. तुम्ही वाचा, डॉक्टरांनाही दाखवा, आणि चुकलं असेल तिथे लाल शाईने खूण करा. ते बरोबर ठरलं की मी त्याच्या झेरॉक्स काढून फलटण, लोणंद, बारामतीच्या दवाखान्यांत स्वतः नेऊन देणार आहे. खाली तुमचं नाव घालू का, ते तेवढं सांगा. काकूंनी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे. तीही घेता येत नसेल तर आधी कळवा, म्हणजे त्यांची समजूत मी घरीच घालून येईन.

तुमचे,
फलटणचे काका