उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांस

मामा, सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत भर पावसात रिक्षातून मांडीवर टाकी घेऊन तुमच्या दारात उतरलेली मुलगी आठवतेय का? काळी पेट्रोलची टाकी, यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलची, डाव्या अंगाला तळहात मावेल एवढा पोचा. गगनबावड्याहून परतताना ओल्या वळणावर मी गाडीसकट आडवी झाले, हँडल गर्रकन फिरलं आणि टाकीवर आदळलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण पोच्याकडे पाहून रडू मात्र आलं होतं.

गाडी बाबांची, १९९४ सालची. बालवाडीपासून चौथीपर्यंत मी त्याच टाकीवर, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये बसून शाळेत गेले. ब्रेक लागला की पेट्रोलचं झाकण कुठं टोचायचं तेसुद्धा आठवतं. ही गाडी निघायची १९९६ मध्येच बंद झाली. बाजारात तशाच दिसणाऱ्या टाक्या मिळतात, पण मला हीच हवी होती. एका गॅरेजात ‘लांबी (पुटी) भरून संध्याकाळपर्यंत देतो’ म्हणाले, तेव्हा मी टाकी उचलून घरी आणली.

आता जे सांगते ते तुम्हाला तेव्हा पुरतं सांगितलं नव्हतं. घरी मी पेट्रोल काढून टाकी दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवली होती. पत्रा तापवून पोचा ओढायचा, असं ठरवून मावसभावाकडून ब्लो लॅम्पही आणला होता. गच्चीवर काम करणार होते, पण पाऊस थांबेना, म्हणून तुमच्याकडे आले. आल्या आल्या म्हणाले, “मामा, रिकामीच आहे, लगेच गॅस लावा.”

तुम्ही झाकण उघडून वास घेतलात. मग काही न बोलता उठून सिलिंडर बंद केलात आणि उंबऱ्यावर विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडं पाठवलंत. “रिकाम्या टाकीचंच भ्या असतंय, पोरी. भरलेली परवडली.”

मागाहून मी वाचलं. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असली की ठिणगीसरशी भडका उडतो, आणि रिकाम्या टाकीच्या तळाशी उरलेले चार थेंब तेवढी वाफ करायला पुरतात. शिवाय ती हवेपेक्षा जड, टाकीच्या पोटात दबा धरून बसते. हे वाचलं तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात तो ब्लो लॅम्प तसाच पडलेला होता. मामा, या पत्रातले पहिले आभार त्या वास घेण्याचे आहेत.

नंतरचे तीन दिवस मी रजा टाकून तुमच्या बाकड्यावर बसले. साबण आणि गरम पाण्यानं तुम्ही टाकी किती वेळा खळबळून धुतलीत ते मी मोजायचं सोडून दिलं. मग पोचा वर येईल अशी ती कलती ठेवून पोच्याखाली दोन बोटांपर्यंत पाणी भरलंत आणि झाकण उघडंच ठेवलंत. आगीला आत जागा राहू नये म्हणून पाणी, आणि ते पत्र्याला टेकलं तर सगळी उष्णता खाईल म्हणून दोन बोटं कमी. हे तुम्ही एकदाच सांगितलंत, पण डोक्यात पक्कं बसलं.

रंग घासून पत्रा लखलखीत केलात, नवसागर लावून कथलाच्या डाखानं चपट्या बुडाच्या सळया चिकटवल्यात. पितळेचं झारण का नाही, असं मी विचारलं, तर म्हणालात, “त्याला लई गरमी लागते, पत्रा वाकडा हुतोय.” मधोमध ओढायला तुम्ही हात लावला नाहीत. आधी पोच्याभोवती उठलेली कड. डाव्या हातानं सळईला ताण आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं कडेवर टिचक्या, कितीतरी वेळ. मार बसताना जे शेवटी वाकलं ते आधी सरळ करायचं, ही तुमची रीत. मला ती कुठल्याही शाळेत कुणी शिकवली नव्हती. मी हवा भरून पोचा फुगवायचं सुचवलं, तेव्हा तुम्ही टाकी उलटी करून खालचा बोगदा दाखवलात. पोच्याआधी तोच फुगला असता आणि टाकी फ्रेमवर बसलीच नसती.

सळया काढल्यावर तुम्ही टाकी ट्यूबलाइटखाली धरायचात. चकाकत्या पत्र्यात उजेडाची रेघ जिथं मोडेल तिथं पुन्हा हातोडी. शेवटी लांबी लागली ती नखाहून पातळ. रंगाआधी बाहेरून खडू फासून, आत रॉकेल भरून टाकी रात्रभर ठेवलीत. सकाळी खडूवर एकही ओला डाग नव्हता. आतून गंजू नये म्हणून टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घातलेलं थोडं पेट्रोल फिरवलंत, तेही मी न सांगता.

मजुरी तुम्ही सांगितलीत तेवढी मी दिली, आणि ती मला कमीच वाटली.

बाबा आता गुडघ्यांमुळे गाडी चालवत नाहीत. टाकी घरी आली तेव्हा त्यांनी चष्मा न लावता डाव्या अंगावरून दोनदा तळहात फिरवला, मग उजव्या अंगावरून, आणि विचारलं, “कुठल्या बाजूला होता म्हणालीस?”

आणि एक राहिलंच. टाकी बसवायला गाडी आणली तेव्हा तुम्ही पुढं वाकून हँडलखालचा स्टॉपर पाहिलात. तो झिजून अर्धा उरला होता, म्हणूनच हँडल टाकीपर्यंत पोचलं होतं. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तुम्ही टाकी लांब, रस्त्याच्या कडेला ठेवायला लावून तो भरून दिलात. परवा मी पुन्हा गगनबावड्याला गेले होते. घाटमाथ्यावर गाडी उभी करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं. टाकीपासून चांगलं बोटभर अंतर राहतं, मामा.

तुमची,
आरएक्सवाली पोरगी