सड्यावर जाऊ नका, बाबा

ठाणे, ५ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते. या महिन्यापासून घराचं लाईट बिल आणि दोन्ही फोनचे रिचार्ज मी इथून भरतेय. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की कुठूनही भरता येतं, तुमचा फोन लागत नाही, खातंही लागत नाही. म्हणून न विचारता सुरूच केलं. रागावू नका. पेन्शन तुमची, पासबुक तुमचं, त्याला कोणी हात लावलेला नाही.

आई बोलली नसती तर मला कळलंच नसतं. घरात रेंज नाही म्हणून बिलाच्या ओटीपीसाठी तुम्ही भर पावसात कातळाचा सडा चढलात. मेसेज बघून परत अॅपात जाईपर्यंत भरलेलं सगळं पुसलेलं. तीनदा. वर पैसे दोनदा कापले गेले. दुसरे परत आले, पण ते येईपर्यंत चार दिवस तुम्ही धड जेवला नाहीत म्हणे.

तेच अॅप मी इथे उघडून बसले. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, 'पुढे'चं बटण कीबोर्डखाली दडलेलं, मध्येच कर्जाची जाहिरात. चुकलं तर नुसतं 'अवैध', काय चुकलं ते नाही. मला तिसऱ्या खेपेला जमलं, आणि माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नाही. तुम्ही तर वहीत एकेक पायरी लिहून ठेवली होती, 'आधी निळ्या चौकोनावर'. नवीन अपडेट आलं आणि निळा चौकोनच गेला. यात तुमचं काय चुकलं, बाबा?

मला आपलं पोस्ट आठवतं. शाळा सुटली की मी तुमच्या बाकड्यावर, लाखेचा वास, आणि मुंबईची मनीऑर्डर न्यायला आलेल्या म्हाताऱ्या. पैसे मोजून झाले तरी हलायच्या नाहीत. झिलान काय लिवल्यान, परत वाचा म्हणायच्या. तुम्ही परत वाचायचात. कोणालाच कधी घाई केली नाहीत. हे अॅप करणाऱ्यांनी एक दिवस त्या खिडकीशी उभं राहायला हवं होतं.

आता ऐका. कातळावर शेवाळ आहे तोवर सडा बंद. 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर फोन करायचा नाही, बिल भरलेलं आहे. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकला गेलाच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, आणि मग मला. मी ओरडणार नाही. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करतो, ७० रुपयांत. तुमच्याच खात्याचा माणूस, त्याला चहा द्या.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? दिवाळीत येते. कुळथाचं पीठ अजून आहे, दळत बसू नकोस.

तुमची
बाय